आईच्या पलंगाला बांधलेली बॅग

पाहुणी आली त्या दुपारी आईनं तिच्यासाठी स्वतःची खोली रिकामी केली होती. दिवाळीसाठी राखून ठेवलेली चादर पलंगावर अंथरली, उशीला नवा अभ्रा घातला, कोपऱ्यातला कूलर ओल्या फडक्यानं पुसून घेतला. पाहुणी खोलीत आली, चारी भिंती बघितल्या, पाठीवरची भलीमोठी बॅग खाली उतरवली आणि पहिलं काम काय केलं, तर बॅगेतून प्लास्टिकचं आवरण असलेली एक जाड तार काढली. ती बॅगेच्या पट्ट्यांतून ओवली, पलंगाच्या खालच्या आडव्या पट्टीतून घेतली आणि तिला कुलूप घातलं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती.

"हे काऊन बांधून राह्यली?" तिनं मला विचारलं.

"सवय असते त्यांची. बाहेर फिरतात ना."

"आपल्या घरीबी?"

मी तिच्या हातातला तांब्या घेतला. पण माझी कानशिलं तापली, ती तेव्हाच.

मी गोंदियाच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि रोज दवनीवाड्याहून स्कूटीनं ये-जा करते. घरात आई, मोठा भाऊ आणि मी. वहिनी त्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी होती. पाहुणी बेल्जियमची. माझ्या नागपूरच्या मैत्रिणीची ओळख. मैत्रिणीनं फोन करून सांगितलं होतं, की ही पोरगी एकटीच पाठीवर बॅग टाकून देशोदेशी हिंडते, पक्ष्यांपायी वेडी आहे, तिला सारस बघायचे आहेत, चार दिवस ठेवून घेशील का? मी एका पायावर तयार झाले. सारस बघायला कुणी इतक्या लांबून आमच्या गावात येतं, या गोष्टीचा मला अभिमानच वाटला. माझ्या इंग्रजीचं चीज होईल, हाही एक स्वार्थ होता.

स्टेशनवर तिला घ्यायला गेले तेव्हा ती मोठी बॅग पाठीला आणि छोटी बॅग छातीशी धरून, भिंतीला पाठ लावून उभी होती. स्कूटीवर माझ्या मागे बसल्यावर तिनं आपली व्यवस्था मला हौसेनं समजावून सांगितली. पासपोर्ट आणि खरे पैसे कुडत्याच्या आत, कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्यात. वरच्या पर्समध्ये थोड्या नोटा आणि एक बंद पडलेलं कार्ड, म्हणजे कुणी धमकावलं तर ती पर्स देऊन मोकळं होता येतं. प्रत्येक चेनला बोटभर कुलूप. रात्री दाराखाली आतून सरकवायला रबराची पाचर. मला मोठी गंमत वाटली. विमानतळ, हॉस्टेल, परक्या देशातलं बसस्थानक असं काहीबाही डोळ्यांसमोर आलं. माझं घर आलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते सगळं माझ्या घरात सुरू झालं होतं. ती न्हाणीत गेली तरी छोटी बॅग सोबत. जेवायला बसली तरी बॅगेचा पट्टा मांडीखाली दाबलेला. आईनं वाढलेला भात ती मन लावून जेवली, भाजी दोनदा मागून घेतली, पण मध्येच हात कमरेकडे जायचा आणि पट्टा चाचपून परत यायचा. आई ते बघत होती. जेवणं झाल्यावर आईनं, जिनं आजवर कधी कपाटाला चावी लावली नव्हती, चावी लावली आणि कमरेला खोचली.

"तिलेबी समजू दे," ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या आईनं चाळीस वर्षांत या घरात किती पाहुणे जेवू घातले, कुणाचं काय सांभाळून ठेवलं, आणि ही कालची पोरगी तिच्या पलंगाला तार बांधते! झोपेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तलावावर गेलो. भाऊ सोबत होता. धान निसवलं होतं, कोवळ्या लोंब्या बाहेर आल्या होत्या, शेतातल्या बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या. तलावाच्या पलीकडच्या काठाला सारसांची जोडी आणि त्यांच्या मागे तपकिरी पिल्लू असं तिघांचं कुटुंब चरत होतं. पाहुणी दोन तास चिखलात उकिडवी बसून होती. तिच्या गळ्यात दुर्बीण होती, जुनी, एका बाजूचं रबर निघालेली. तिथं तिनं जखमेला लावतात तशी निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ही दुर्बीण तिनं पहिल्या पगारातून घेतली होती. तिनं ती मलाही डोळ्यांना लावायला दिली. इतक्या जवळून सारसाचं लाल डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेवढ्यापुरता राग विसरले.

परत येताना भाऊ तलावाच्या मातीच्या बांधावर, पाळीवर, थांबला आणि मला म्हणाला, "सांग तिले. हा तलाव आपल्या पूर्वजांनी बांधला. सारा गाव याच्यावर पिकते. आपल्या घराचा नाव हाये म्हनावं."

मी सांगितलं. तिनं कौतुकानं मान हलवली. आणि घरी पोचल्यावर सरळ आईच्या खोलीत जाऊन पुन्हा बॅगेला तार बांधली.

मग मात्र माझा तोल गेला. मी तिच्या मागोमाग खोलीत गेले.

"तुला एक विचारायचंय. या घरात तुला चोर कोण वाटतं?"

ती दचकली. "कुणीच नाही."

"मग हे कुलूप कुणासाठी?"

ती पलंगावर बसली. थोडा वेळ चावी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी एका देशात मी एका कुटुंबाकडे राहत होते. खूप चांगली माणसं. तिथं माझं पैशांचं पाकीट हरवलं. मी कुणाला काही बोलले नाही. पण मी त्या घरातल्या प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. चहा देणाऱ्या बाईकडे, त्यांच्या मुलीकडे, सगळ्यांकडे. त्यांना ते कळलं. मी न जेवता तिथून निघाले. महिन्याभरानं ते पाकीट माझ्याच बॅगेच्या फाटलेल्या अस्तरात सापडलं."

"मग?"

"मग मी कुलूप घ्यायला लागले. कुलूप लावलं की मला कुणावर संशय घ्यावा लागत नाही. हे तुमच्यापासून संरक्षण नाही. माझ्यापासून तुमचं आहे."

आज हे लिहिताना मला ती काय म्हणत होती ते नीट कळतं. त्या दिवशी मला ती फक्त हुशारीची पळवाट वाटली. मी शिक्षिका आहे, पळवाटा रोज ऐकते. मी म्हटलं, "तुझ्या मनाची अडचण तुझी आहे. ती माझ्या आईनं का सोसायची? तिनं तुला स्वतःचा पलंग दिलाय. ती तुझं कुलूप बघते आणि तिला वाटतं, की आपल्याला चोर ठरवलं. हे घर आहे. हॉस्टेल नाही."

मी आणखीही बोलले. आवाज चढला होता. बाहेर भांडी घासण्याचा आवाज थांबला, इतका.

ती उठली. कुलूप उघडलं, तार सोडवली, तिचं वेटोळं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हातात दिलं. तिला येत असलेल्या दोनचार मराठी शब्दांपैकी एक म्हणाली, "माफ."

आईचं तोंड एकदम खुललं. "अगाई, राहू दे ना वं!" म्हणत तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. त्या रात्री आईनं तिला शेवया करून घातल्या. मी जिंकले होते. माझ्या घराची अब्रू मी इंग्रजीतून वाचवली होती. असं मला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आम्ही पुन्हा तलावावर जाऊन आलो. माझी ताई आणि भाऊजी सालेकश्याहून पाहुणी बघायला आले. भाऊजींचं तिथं शेतीच्या औजारांचं दुकान आहे, दाराशी चारचाकी आहे, माणूस बोलका आहे. सोमवारी पाहुणीला आपल्या गाडीनं कचारगडच्या गुहा दाखवायला नेतो, असं त्यांनी फोनवरच ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात जावई आला की वेगळीच धांदल असते. आई पदर सावरते, भाऊ खुर्ची पुसतो. त्या दिवशी तर वड्यांपासून सगळं होतं, म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकीलाही आईनं दुपारभर थांबवून घेतलं.

काकी आमच्याकडे पंधरा वर्षं येत होती. झाडलोट, भांडी, धानाच्या दिवसांत शेतावर. माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझ्या साडीच्या निऱ्या तिनं नीट केल्या होत्या. वडील गेले तेव्हा तेरा दिवस ती घरीच गेली नव्हती.

जेवणं झाली. भाऊजींना वामकुक्षी लागते, आणि कूलर आईच्या खोलीत, म्हणून ते तिथं आडवे झाले. मी, ताई आणि पाहुणी शेजारच्या घरी गेलो. तिथल्या बाईंकडे विड्या वळायचं काम चालतं, ते पाहुणीला बघायचं होतं. पक्षी बघायचे नव्हते, म्हणून दुर्बीण तिनं बॅगेत ठेवली. बॅग आईच्या पलंगाशेजारी, उघडी. भाऊ ओसरीत पेपर वाचत होता. काकी मागच्या अंगणात भांडी घासत होती. आम्ही तासाभरानं आलो. चहा झाला. ताई आणि भाऊजी उन्हं कलण्याआधी निघाले.

पाच वाजता पाहुणी तलावावर जायला तयार झाली आणि खोलीतून बाहेर आलीच नाही. मी आत गेले. तिनं बॅगेतलं सगळं पलंगावर काढलं होतं.

"दुर्बीण?" मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. ती कुणाकडेही बघायचं टाळत होती.

मी भावाला सांगितलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल की शोधू, पलंगाखाली बघू, ताईला फोन लावू. तो यातलं काहीच म्हणाला नाही. तो सरळ मागच्या अंगणात गेला. काकी घरी जायला निघाली होती, कोपऱ्यातली आपली थैली उचलत होती.

"थैली दाखव," भाऊ म्हणाला.

"का झाला जी?"

"दाखव म्हटला ना."

"कायले?"

त्यानं थैली तिच्या हातातून ओढून घेतली आणि अंगणात पालथी केली. एका डब्यात आईनं दिलेले वडे, एक जुनं लुगडं, तंबाखूची डबी, आणि पाहुणीनं पाणी पिऊन रिकाम्या केलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या. डबा उघडला, वडे मातीत पडले.

"बाटल्या कोनाच्या?"

"तिनंच देल्या. त्या पोरीनं. इचारा तिले."

"बाटल्या देल्या, दुर्बीनबी देली का? लपवली कोठी? घरी पोचवली का?"

काकीनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला, आणि तिची बोटं थरथरत होती. कुंपणापलीकडे दोन बाया थांबून बघायला लागल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आणि मी? मी मागच्या दाराची चौकट धरून उभी होते. एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. आदल्या दिवशी ज्या आवाजात मी एका परक्या पोरीला घर म्हणजे काय ते शिकवलं होतं, तो आवाज कुठं गेला होता, हे मला अजून सांगता येत नाही.

मला बाजूला सारून पाहुणी अंगणात आली. भाषा कळत नसली तरी पालथी थैली कुणालाही कळते. ती काकी आणि भावाच्या मधे उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "नो, नो. माझी चूक. मला आठवलं. सकाळी तलावावर विसरले. तिथंच राहिली." मग माझ्याकडे वळून, "सांग त्याला. आत्ता सांग."

मी सांगितलं.

भावानं कपाळाला हात लावला आणि चक्क हसला. "घ्या! स्वतःच विसरते आन् मानसाले परेशान करते." आईनं सुटकेचा श्वास सोडला. भाऊ स्कूटी घेऊन तलावावर शोधायलाही गेला, मोठ्या मदतीच्या आविर्भावात. कुंपणापलीकडच्या बाया निघून गेल्या. काकीनं लुगडं झटकलं, डबा पुसला, थैलीत भरला आणि बाहेरच्या फाटकातून गेली. वडे तिथंच राहिले. तिला कुणीही काही म्हटलं नाही. चोरीच झाली नाही म्हटल्यावर माफी कशाची मागायची?

मला ठाऊक होतं, की पाहुणी खोटं बोलली. सकाळी घरी आल्यावर ओसरीत बसून तिनं त्याच दुर्बिणीची काच पुसली होती. मी पाहिलं होतं. आत गेल्यावर मी तिला म्हटलं, "तू खोटं बोललीस."

"हो."

"का? आपण पोलिसांत जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

"पोलीस आले तर आधी कुणाकडे जातील?" ती म्हणाली. मग बॅगेची चेन लावता लावता, मान वर न करता तिनं विचारलं, "ती बाई थरथरत होती. तू का नाही बोललीस?"

मला तिचा इतका राग आला, की मी खोलीबाहेर निघून गेले. खरं विचारलं म्हणून आलेला राग सगळ्यात वाईट असतो.

ती सोमवारी सकाळीच निघाली. कचारगड राहून गेलं. मी तिला स्टेशनवर सोडलं. रेल्वेच्या डब्यात तिनं बॅग सीटखाली सरकवली. मीच खाली वाकले आणि आईनं परत दिलेली ती तार सीटच्या लोखंडी पायातून ओवून दिली. दुपारी भाऊजींचा फोन आला. "का जी, तुमची मेमसाब काऊन नाही आली? आमी तं गाडी धुऊन ठेवली."

काकी त्या दिवसापासून आमच्याकडे आली नाही. पहिले दोन दिवस आई म्हणाली, की बरं नसेल. मग म्हणाली, की रुसली असेल, येईल. मी दोनदा तिच्या मोहल्ल्यापर्यंत गेले आणि गल्लीच्या तोंडावरून स्कूटी वळवून परत आले. लाज वाटत होती. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, की कशावरून तिनं नेली नसेल? हे मी इथं लिहिते आहे, कारण हे खरं आहे. पंधरा वर्षं ओळखत असलेल्या बाईबद्दल मी हा विचार केला. कुलूप नसलं की माणसाचा संशय कुठवर जातो, ते पाहुणीला माहीत होतं. मला नव्हतं.

दिवाळी आली. भाऊबीजेला भाऊ ताईकडे निघाला, मीही गेले. ताईचं घर दुकानाच्या मागेच आहे. ओवाळणं झालं, फराळ झाला. भाऊजी म्हणाले, चला, धान कसा झालाय ते दाखवतो. आम्ही गाडीत बसलो. मी पुढच्या सीटवर होते. समोरच्या कप्प्यात पाण्याची बाटली ठेवायला मी तो उघडला, आणि आत, पिवळ्या फडक्यात अर्धवट गुंडाळलेली, दुर्बीण होती. एका बाजूला निळी चिकटपट्टी.

मी ती बाहेर काढली.

"हे काय आहे?"

"दुर्बीन," भाऊजी म्हणाले. अगदी सहज. "शेतात डुकरं येतात ना, दुरून दिसते. मस्त चीज आहे."

"कुठून आणली?"

त्यांनी गाडी सुरू केली नव्हती. आरशात त्यांनी मागे बसलेल्या भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अवो, तिले का कमी हाये? विमानानं फिरते. दुसरी घेतली असन तिनं आतापर्यंत. एवढ्याशा गोष्टीसाठी तुमी चेहरा काऊन असा करून राहिल्या?"

मी गाडीतून उतरले. दुकानासमोरच, रस्त्यावर. जे तोंडाला आलं ते बोलले. त्या दिवशी अंगणात न निघालेला आवाज आता निघाला, दीड महिना उशिरा. चोर म्हणाले. आमच्या आईच्या पलंगावर लोळून तिच्याच पाहुणीची बॅग उचकणारा चोर. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. ताई धावत आली आणि तिनं माझा दंड धरला, इतका जोरात, की तिची नखं रुतली.

"चूप बस! लोक पाहून राहिले!"

"बघू दे. काकीची थैली पालथी केली तेव्हाही लोक बघतच होते."

"एका कामवालीसाठी तू माझ्या नवऱ्याले चोर म्हनतं?"

"तो आहे म्हणून म्हणते."

भाऊ गाडीतच बसून राहिला. काच वर केलेली. मी दुर्बीण पर्समध्ये टाकली आणि एकटीच बसनं परत आले.

घरी आईला सांगितलं. आईनं आधी उठून बाहेरचं दार लावलं. मग म्हणाली, "ताईचा संसार हाये बाई. आता झाला ते झाला. बाहेर बोलू नोको."

भाऊ संध्याकाळी आला. मी त्याला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. काकीच्या घरी. तिची माफी माग."

"कायची माफी? ती पोरगीच म्हनाली ना, तलावावर विसरली म्हनून."

"ती काकीला वाचवायला खोटं बोलली. तुला आता माहीत आहे."

"मले तवा माहीत होता का? मंग माही चूक कोनती?" त्यानं टीव्ही लावला. "जवाई मानसाचा तू रस्त्यावर तमाशा केला, त्याचा पयले पाय."

मी दुसऱ्या दिवशी एकटी गेले. या वेळी गल्लीच्या तोंडावरून वळले नाही. काकी दारात तांदूळ निवडत बसली होती. आजूबाजूला बाया होत्या. मी बसले नाही. उभ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की दुर्बीण आमच्या जावयाकडे सापडली. चोरी आमच्याच माणसानं केली होती. तुझ्यावर आळ घेतला, तो खोटा होता. आणि मी तिथं उभी असून गप्प बसले. मला माफ कर.

काकीनं सूप खाली ठेवलं.

"माहीत होता मले," ती म्हणाली.

"काय?"

"आंगनातून खिडकी दिसते ना. मी भांडी घासून राहिली होती. जवाईबापू बॅगेत हात घालून राहिले, मी पायलो."

"मग बोलली का नाहीस? त्याच वेळी का नाही सांगितलं?"

"कायले सांगू?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "सांगितलो असतो तं तुमच्या भावानं जवाईबापूची थैली आंगनात ओतली असती का? मलेच दोन दिल्या असत्या. चोर तं चोर, वरून घर फोडते म्हनले असते."

एका बाईनं मला पाणी आणून दिलं. मी प्याले.

"तुमी येऊन बोलल्या, बरा केला," काकी म्हणाली. "या मोहल्ल्यातल्या बाया माह्याकडे वाकड्या नजरेनं पाहत होत्या. आता नाही पाहनार. पर बाई, मी आता तुमच्या घरी येत नाही."

"नको येऊस," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

दुर्बीण मी नीट बांधून गोंदियाच्या टपाल कार्यालयातून बेल्जियमला पाठवली, आणि सोबतच्या चिठ्ठीत काय झालं ते सगळं लिहिलं, भाऊजींसकट. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. दुर्बीण पोचली, आभार. आणि खाली एकच प्रश्न, "ती बाई कशी आहे?" माझ्याबद्दल, आईबद्दल, भावाबद्दल काही नव्हतं. मला ते लागलं. मग वाटलं, बरोबरच आहे.

ताई माझ्याशी बोलत नाही. तिनं माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहे. आईला ती फोन करते, आणि मी खोलीत आले की आई आवाज खाली करते. भाऊजी यंदा होळीला येऊन गेले. मी घरी नसताना. आईनं त्यांच्यासाठी तीच चादर काढली होती. संध्याकाळी मला ती दोरीवर वाळताना दिसली, तेव्हा कळलं. आम्ही त्यावरून भांडलो. भाऊ म्हणतो, मी घराचं नाक कापलं. मी म्हणते, ज्या घराचं नाव घेऊन तू पाळीवर उभा राहतोस, त्या घरानं एका गरीब बाईचे वडे मातीत सांडले आणि उचलले नाहीत. तो टीव्हीचा आवाज वाढवतो. त्या मोहल्ल्यातली कुणीच बाई आता आमच्याकडे कामाला यायला तयार नाही. आई भांडी घासताना म्हणते, आताशा मानसं भेटत नाहीत. मी धुतलेली भांडी उचलून आत ठेवते आणि दात आवळून गप्प राहते, कारण बोलले तर पुन्हा तेच होतं.

काकी आता गोंदियाला एका राईस मिलमध्ये जाते. सकाळच्या बसनं. मी कॉलेजला निघते तेव्हा ती कधी कधी थांब्यावर दिसते, हातात तीच थैली. मागच्या आठवड्यात मी स्कूटी थांबवली.

"काकी, चल ना. सोडते तुला मिलपर्यंत. मी तिकडेच चाललेय."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "बस येऊनच राह्यली."

मी रस्त्याकडे बघितलं. लांबपर्यंत एकही बस दिसत नव्हती. मी स्कूटी सुरू केली.